बूथच्या टेबलावरून कसबा

२ मार्च २०२३ च्या दुपारी वाहिन्यांनी सांगितले, की भाजपचा कसब्याचा बालेकिल्ला ढासळला. नोव्हेंबर २०२४ मध्ये त्याच वाहिन्या म्हणाल्या, बालेकिल्ला परत मिळवला. मधल्या काळात आमच्या पेठांत माणसे तीच होती, याद्या बहुतेक त्याच होत्या आणि चौकातली भांडणेही तीच होती. मग दोन वेळा किल्ला कुणी पाडला आणि कुणी बांधला?

मी पुण्याच्या पेठेत वाढलो. तरुणपणी उमेदवाराच्या टेबलावर बसून स्लिपा लिहिल्या, नंतर केंद्राच्या आत पोलिंग एजंट म्हणून बसलो, आणि गुडघे बोलू लागल्यावर घरी बसून केंद्रनिहाय आकडे वाचू लागलो. कोणत्या पक्षाचे टेबल होते ते सांगत नाही. ओळखणाऱ्यांनी आजवर वेगवेगळी उत्तरे दिली आहेत, आणि ती ऐकायला मला मजा येते. एवढ्या वर्षांत जे हाती लागले ते क्रमांक टाकून लिहितो. क्रमांकांना महत्त्वाचा क्रम नाही.

१. ‘कसबा’ म्हणजे सदाशिव पेठ, हे आधी डोक्यातून काढा.

बाहेरचा पत्रकार कसब्यात येतो तो चहा पिऊन, एखाद्या वाड्याचा फोटो काढून, दोन निवृत्त गृहस्थांशी बोलून परत जातो. त्याच्या लेखी मतदारसंघ तेवढाच. पण या एकाच विधानसभा मतदारसंघात पश्चिमेला शनिवार, नारायण आणि सदाशिव पेठेतली मध्यमवर्गीय घरे आहेत, मध्ये कुंभारवाडा आणि तांबट आळी आहे, रविवार पेठेत बुरूड आळी आणि बोहरी आळी आहे, मारवाडी-गुजराती व्यापाऱ्यांची दुकाने आणि वरच्या मजल्यांवर त्यांची घरे आहेत, आणि पूर्वेला काशेवाडी, लोहियानगर अशा दाट वस्त्या आहेत. मतदारांची संख्या २०२३ ला पावणेतीन लाखांच्या घरात होती.

पश्चिमेकडे भाजपला लीड आणि पूर्वेकडे काँग्रेसला, हा ढोबळ हिशेब खरा आहे आणि तो कार्यकर्त्यांना तोंडपाठ असतो. पण निकाल ठरतो तो या दोन टोकांवर नाही. टोकांचे आकडे कार्यकर्ते आदल्या रात्रीच कागदावर लिहून ठेवतात आणि ते फारसे चुकत नाहीत. चुकते ते मधल्या आळ्यांचे. तिथे एकाच गल्लीत समोरासमोरची दोन मंडळे दोन पक्षांची असतात, आणि गणपतीची वर्गणी मात्र दोन्हीकडे द्यावी लागते.

२. आधी यादी वाचायला शिका, मग लोकांना आळशी म्हणा.

पुण्यात मतदान कमी होते म्हणून दर निवडणुकीनंतर वर्तमानपत्रे पेठकरांना झोडपतात. २०१९ च्या लोकसभेला पुण्यात मतदान पन्नास टक्क्यांच्याही किंचित खाली राहिले. कसब्याच्या २०२३ च्या पोटनिवडणुकीत ते जेमतेम पन्नास होते. आकडे खरे आहेत, पण टक्केवारी काढताना भागतो कशाने ते कुणी पाहत नाही.

टेबलावर बसलेल्या माणसाला यादीत तीन प्रकार लगेच दिसतात: मयत, स्थलांतरित आणि दुबार. पेठेत दुसरा प्रकार सर्वांत मोठा. जुना वाडा बिल्डरकडे गेला, भाडेकरूंनी कोथरूडला, सिंहगड रस्त्याला, बिबवेवाडीला जागा घेतल्या, मुले बंगळुरूला गेली, नाव मात्र आजोबांच्या घर क्रमांकावर तसेच राहिले. आमच्या गल्लीतल्या एका वाड्याची इमारत झाली, इमारतीच्या तळमजल्यावर दुकान आले, दुकानही दोनदा बदलले. यादीत त्या घर क्रमांकावर अजून जुनी बिऱ्हाडे नांदत आहेत.

हे असे का राहते? एक तर नाव वगळायला फॉर्म ७ लागतो, आणि स्वतःचे नाव वगळा म्हणून सरकारी दारात कोण जाणार? दुसरे म्हणजे माया. ‘मतदानाला पेठेत येतो, त्या निमित्ताने देवदर्शन होतं, जुने शेजारी भेटतात,’ असे मला कितीतरी जणांनी सांगितले आहे. तिसरे कारण कुणी सांगत नाही: ही नावे काही जणांना हवी असतात. कोथरूडहून येणारी दोनशे हक्काची मते गाडी पाठवून आणता येतात, आणि न आलेल्यांच्या नावापुढे दुसऱ्याने बोट पुढे केले तर पकडायला त्या नावाचा माणूस गल्लीत नसतो. त्यासाठीच तर एजंट आत बसवतात. जुना एजंट चेहरे ओळखतो, नवा एजंट मोबाइल बघतो.

म्हणून माझे मत असे, की पेठेतल्या कमी टक्केवारीतला एक मोठा हिस्सा आळसाचा नसून शिळ्या यादीचा आहे. राहता राहिला उरलेला आळस, त्याबद्दल चौथ्या मुद्द्यात.

३. आमदाराचे मत, खासदाराचे मत आणि नगरसेवकाचे मत अशी तीन वेगवेगळी मते एकाच माणसाकडे असतात.

गिरीश बापट १९९५ ते २०१४ सलग पाच वेळा कसब्यातून आमदार झाले. याच काळात पुण्याने २००४ आणि २००९ ला काँग्रेसचे सुरेश कलमाडी खासदार म्हणून दिल्लीला पाठवले. त्याच्याही मागे गेलात तर १९५७ ला ना. ग. गोरे आणि १९६७ ला एस. एम. जोशी, दोघेही समाजवादी, याच शहरातून लोकसभेवर गेले. मोहन धारिया १९७१ ला काँग्रेसकडून निवडून आले आणि १९७७ ला जनता पक्षाकडून. ‘पुणे पहिल्यापासून अमुक विचारांचे’ असे कुणी ठामपणे सांगू लागला, की मी त्याला ही यादी सांगतो आणि तो विषय बदलतो.

महापालिकेचे तर विचारूच नका. २०१२ ला मनसेचे २९ नगरसेवक निवडून आले, २०१७ ला २. भाजप २०१२ ला २६ वर होता, २०१७ ला शंभरीच्या जवळ गेला. विचारसरणी पाच वर्षांत एवढी हलत नाही. हलला तो प्रभाग. दोन सदस्यांचा प्रभाग चार सदस्यांचा झाला, की गल्लीतला ओळखीचा माणूस मागे पडतो आणि पक्षाचे पॅनेल पुढे येते, असे मला दिसले. ज्याला प्रभाग आखता येतो त्याला निम्मी निवडणूक आधीच कळलेली असते.

आणि तरीही ओळखीचा माणूस पूर्ण हरत नाही. त्याच २०१७ च्या लाटेत रवींद्र धंगेकरांनी भाजपच्या गणेश बिडकरांना पेठेतच हरवले. धंगेकर शिवसेनेत होते, मग मनसेत गेले, मग काँग्रेसमध्ये आणि २०२५ ला शिंदेंच्या शिवसेनेत. पक्ष बदलत गेले आणि एक ठरावीक मत त्यांच्या दुचाकीमागून चालत राहिले. रात्री पाण्याची लाइन फुटली तर कोण येतो, एवढाच त्या मताचा प्रश्न असतो. तो प्रश्न क्षुद्र आहे असे म्हणणाऱ्यांच्या इमारतीला बहुधा टँकर लागत नाही.

४. जिंकलेल्याची मते कमी वाचा, घरी बसलेल्याची जास्त.

हा माझ्या दृष्टीने सगळ्यात कामाचा धडा, म्हणून जरा आकडेमोड करतो.

२०१९ ला भाजपच्या मुक्ता टिळक सुमारे ७५ हजार मते घेऊन, २८ हजारांच्या फरकाने आमदार झाल्या. काँग्रेसच्या उमेदवाराला ४७ हजार मते होती. डिसेंबर २०२२ मध्ये मुक्ता टिळकांचे निधन झाले आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये पोटनिवडणूक लागली. भाजपने उमेदवारी टिळक घराण्यात न देता हेमंत रासने यांना दिली. काँग्रेसकडून धंगेकर उभे राहिले, महाविकास आघाडी एकत्र, सरळ लढत. ‘हू इज धंगेकर?’ हा चंद्रकांत पाटलांचा सवाल तेव्हाचाच. निकाल लागला तो असा: धंगेकर ७३ हजार, रासने ६२ हजार. म्हणजे भाजपची मते २०१९ पेक्षा तेरा हजारांनी घटली आणि काँग्रेसची सव्वीस हजारांनी वाढली.

आता नोव्हेंबर २०२४ चा निकाल शेजारी ठेवा. उमेदवार तेच दोघे. धंगेकरांना सुमारे ७० हजार. रासनेंना ९० हजार. फरक १९ हजारांहून जास्त.

सगळे म्हणाले, धंगेकरांची हवा गेली. कुठे गेली? त्यांची मते तर दोन-तीन हजारांनीच कमी झाली. बदल दुसऱ्या बाजूला आहे: रासनेंच्या पारड्यात २८ हजार मते नव्याने आली. माझ्या मते त्यातली बरीचशी नवी नव्हतीच. ती २०२३ ला रुसून, कंटाळून किंवा ‘एका पोटनिवडणुकीने काय होतंय’ म्हणून घरात बसलेली होती. काही लाडक्या बहिणींची असतील, काही राज्यभरच्या वाऱ्याची असतील. पण पेठेचे मन बदलले, हा निष्कर्ष या आकड्यांतून निघत नाही. पेठेचे दार उघडले एवढाच निघतो.

जुन्यांना आणखी एक आठवत असेल. १९९१ ला अण्णा जोशी खासदार झाल्यावर कसब्यात पोटनिवडणूक झाली, तेव्हाही भाजप हरला होता. काँग्रेसचे वसंत थोरात जिंकले आणि हरलेले उमेदवार होते गिरीश बापट, जे पुढे पाव शतक हलले नाहीत. कसब्यात भाजपला पोटनिवडणूक सोसत नाही, कारण त्याचा मतदार मोठ्या प्रसंगालाच बाहेर पडतो. विरोधकांनी हे लक्षात ठेवावे आणि पोटनिवडणुकीतल्या विजयावर पुढच्या पाच वर्षांचे स्वप्न रचू नये. धंगेकरांना २०२४ च्या लोकसभेची उमेदवारी मिळाली ती याच विजयाच्या जोरावर. आणि त्या लोकसभेला खुद्द कसब्यातही आघाडी भाजपच्या मुरलीधर मोहोळांनाच मिळाली.

५. ‘बालेकिल्ला’ शब्द ऐकला, की दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकाची बेरीज करा.

२००९ ला बापट सुमारे ५५ हजार मतांवर जिंकले. दुसरे मनसेचे धंगेकर, तिसरे काँग्रेसचे रोहित टिळक, आणि या दोघांची बेरीज बापटांच्या कितीतरी पुढे. फरक होता आठ हजारांचा. ती निवडणूक कसब्यात कोण लोकप्रिय आहे याची नव्हती, विरोधक किती जण आहेत याची होती. २०१४ ला मात्र बापट चाळीस हजारांहून जास्त फरकाने जिंकले, तिथे बेरजेचे औषध चालले नसते. किल्ला कधी खरा असतो, कधी तो समोरच्यांच्या भांडणाने टिकतो. आकडे न पाहता दोन्ही सारखेच दिसतात.

६. जातीचे गणित खोटे नाही, पण ते लावणारे बहुधा चुकतात.

२०२३ ला पेठेत एक फलक लागला होता. कुलकर्णींचा मतदारसंघ गेला, टिळकांचा गेला, आता बापटांचा नंबर का, अशा आशयाचा. कोथरूडमध्ये मेधा कुलकर्णींच्या जागी चंद्रकांत पाटील आले होते, त्याचा राग त्यात होता. ब्राह्मण मतदार नाराज आहे, यावर आठवडाभर चर्चा झाली. या नाराजीवर स्वार व्हायला हिंदू महासंघाचे आनंद दवे उभे राहिले. त्यांना मते पडली काही शे.

यातून दोन गोष्टी दिसल्या. नाराजी होती, हे धंगेकरांना पश्चिमेकडच्या पेठांत मिळालेल्या मतांवरून कळते. पण जातीसाठी म्हणून उभ्या राहिलेल्या माणसाकडे ती गेली नाही. चिडलेला पेठकर एक तर घरी बसतो, नाही तर सरळ समोरच्याला मत देतो. मधल्या मार्गावर त्याचा विश्वास नाही. आणि आडनावाचेच म्हणाल, तर लोकमान्यांच्या घराण्यातले रोहित टिळक काँग्रेसचे उमेदवार होते आणि त्याच घराण्याच्या सूनबाई भाजपच्या आमदार. आडनाव वाचून मत सांगणाऱ्याने आधी हे कोडे सोडवावे.

७. राग येतो एका कार्यालयाचा, फुटतो दुसऱ्यावर.

शनिवारवाड्याभोवती राहणाऱ्यांना विचारा. संरक्षित स्मारकाच्या शंभर मीटरच्या आत नवे बांधकाम करता येत नाही, हा केंद्राचा कायदा; २०१० च्या दुरुस्तीने तो आणखी कडक झाला. तिथले वाडे पडायला आले आहेत, दुरुस्तीची परवानगी काढताना जीव जातो आणि पुनर्विकासाला बिल्डर उभा राहत नाही. हा प्रश्न नगरसेवक सोडवूच शकत नाही. पण चौकात शिव्या त्यालाच पडतात, कारण तोच चौकात भेटतो.

उलट मिळकतकराचे उदाहरण बघा. स्वतः राहणाऱ्यांना मिळणारी ४० टक्के सवलत गेली होती, घरोघरी थकबाकीच्या नोटिसा आल्या होत्या, आणि पोटनिवडणुकीत तो विषय दारोदार निघाला. निकालानंतर काही आठवड्यांतच सवलत परत देण्याचा निर्णय राज्य सरकारने घेतला. वर्षानुवर्षे निवेदने देऊन जे झाले नव्हते ते एका पराभवाने झाले. पेठकर हे विसरत नाहीत, आणि दुर्दैवाने उमेदवारही विसरत नाहीत: आता प्रत्येक जण निवडणुकीच्या तोंडावरच सवलत काढतो.

८. एका घरात एक मत, हा काळ गेला.

पूर्वी कुटुंबप्रमुखाने टेबलावर येऊन सगळ्या घराच्या स्लिपा नेल्या, की आम्ही यादीवर चार टिकमार्क करत असू. आता ते करणारा कार्यकर्ता मूर्ख. सकाळी सातला फिरायला जाणारे आजोबा येतात, त्यांची पत्नी अकराला शेजारणींबरोबर येते, सून ऑफिसला जाताना, नातू पाच वाजता धावत. एका आजींनी आमच्या टेबलावरून स्लिप घेतली, समोरच्या टेबलावरून पाणी प्यायले आणि जाताना म्हणाल्या, ‘कागद तुमचा, पाणी त्यांचं, मत माझं. कळलं का रे?’ टेबलावरचे आम्ही सगळे हसलो, पण आजींच्या घराच्या आकड्यापुढे त्या दिवशी कुणी खूण केली नाही.

जाता जाता: २०२५ पर्यंतच्या नियमाप्रमाणे उमेदवाराचे टेबल केंद्रापासून २०० मीटर लांब लागे. पेठेत २०० मीटर गेलात, की तुम्ही दुसऱ्याच केंद्राच्या दारात उभे असता.

९. मत गुप्त असते, गल्लीचे मत गुप्त नसते.

हे फार थोड्यांना माहीत असते, म्हणून सविस्तर सांगतो. मतपत्रिकांच्या काळात वेगवेगळ्या केंद्रांच्या पत्रिका एकत्र मिसळून मोजता येत, म्हणून कोणत्या भागाने काय केले याचा अंदाजच करावा लागे. मतदान यंत्र आल्यापासून प्रत्येक यंत्राची बेरीज वेगळी येते आणि फॉर्म २० मध्ये केंद्रनिहाय छापली जाते. एका केंद्रावर हजार-बाराशे नावे. त्यातली निम्मी येणारी. पेठेत एवढे मतदार म्हणजे दोन-तीन गल्ल्या.

याचा अर्थ, तुम्ही कुणाला मत दिले ते कळत नाही, पण तुमच्या गल्लीने कुणाला दिले ते निकालाच्या दुसऱ्या आठवड्यात सगळ्यांना कळते. ड्रेनेजच्या तक्रारीसाठी आम्ही एका लोकप्रतिनिधीच्या कार्यालयात गेलो होतो. तिथल्या पोऱ्याने संगणकाकडे बघत विचारले, ‘काका, तुमचं केंद्र कुठलं?’ तक्रारीचा पत्ता त्याने विचारलाच नाही. काम झाले, पण सावकाश झाले.

यावर उपाय सुचवून झालेला आहे. अनेक केंद्रांच्या यंत्रांची बेरीज एकत्रच दाखवणारे ‘टोटलायझर’ नावाचे यंत्र निवडणूक आयोगाने २००८ मध्ये सुचवले, विधी आयोगाने २०१५ च्या अहवालात त्याला पाठिंबा दिला. ते अजून वापरात आलेले नाही. कोणत्याही मोठ्या पक्षाने त्यासाठी मोर्चा काढल्याचे मी पाहिलेले नाही, आणि का काढला नसेल ते टेबलावर बसलेल्या कुणालाही विचारा. केंद्रनिहाय आकडे मलाही प्रिय आहेत, माझी संध्याकाळ त्यांवर जाते. पण ते बंद झाले तर मी तक्रार करणार नाही.

१०. पेठकराला ‘कुणाला देणार?’ असे विचारू नका.

तो तुम्हाला उमेदवाराचे दोष सांगेल, मग दुसऱ्याचे सांगेल, मग १९७७ वर येईल. मत सांगणार नाही. त्याऐवजी ‘मतदानाला जाणार ना?’ एवढे विचारा आणि उत्तर किती पटकन येते ते बघा. पोटनिवडणुकीच्या आधी पश्चिमेकडच्या गल्ल्यांमध्ये या प्रश्नाला ‘बघू’ हे उत्तर फार वेळा ऐकू आले होते.

आता एक काम सांगतो, ते याच आठवड्यात करा. तुमचे, घरातल्यांचे आणि परगावी गेलेल्या मुलांचे नाव यादीत कुठे आहे ते तपासा. १९५० या क्रमांकावर विचारता येते, आयोगाच्या अ‍ॅपवरही दिसते. पेठ सोडली असेल तर फॉर्म ८ भरून नाव नव्या पत्त्यावर न्या. घरातल्या गेलेल्या माणसाचे नाव अजून यादीत असेल तर फॉर्म ७ भरा. उमेदवारी अर्ज भरण्याची मुदत संपली, की त्या निवडणुकीपुरती यादी गोठते. मग मतदानाच्या सकाळी टेबलावर येऊन आमच्या पोरांवर ओरडू नका.